अनुक्रमांक सतरा, हरकत नाही

विहीणबाई, तुमच्याशी एकदा कडकडून भांडायचं राहूनच गेलं. अठरा वर्षं आपण विहिणी होतो आणि अठरा वर्षांत आपला एकदाही खटका उडाला नाही. आमच्या सोसायटीतल्या बायका याचं कौतुक करायच्या. "तुमच्या विहीणबाई किती गोड हो," म्हणायच्या. होतातच गोड. परवा तुमचा तेरावा झाला, पानं उठली, माझा मुलगा मिलिंद गच्चीवरच्या खुर्च्या मांडववाल्याच्या ताब्यात देत होता, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून तुमच्यावर चरफडत होते. तुमच्याबद्दल चांगलं बोलायचं काम बाकीच्यांनी केलंच आहे. मला तुमच्याबद्दल नाही, तुमच्याशी बोलायचंय.

तुम्ही माझ्या सुनेची, ऋजुताची आई. समुद्रकाठच्या गावात आयुष्यभर अंगणवाडी चालवलीत. मी कोथरूडची. सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं मराठी स्टेनो होते. साहेब बोलणार, मी पेन्सिलीच्या रेघोट्यांत टिपणार आणि मग टाइप करून समोर ठेवणार. माझे पहिले साहेब म्हणायचे, "बाई, ऐकलं ते लिहायचं, समजलं ते नाही." मी ते डोक्यावर घेऊन बत्तीस वर्षं नाचले. कचेरीत माझ्या टिपणावर कोणी बोट ठेवलं नाही, आणि त्याचा मला किती गर्व होता हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण तो तुम्हालाच दर उन्हाळ्यात ऐकावा लागायचा.

लग्नाची बैठक आमच्याच घरी झाली होती. पोरांनी आपसांत ठरवलेलं लग्न, जात वेगळी, आणि आम्ही कसे सुधारलेले म्हणून मी जरा चढूनच बसले होते. मी म्हटलं, लग्न पुण्यात करू, आमची माणसं जास्त आहेत. तुम्ही म्हणालात, "हरकत नाही." मी म्हटलं, मुहूर्त सकाळचाच हवा. "हरकत नाही." मी म्हटलं, आमच्या घरात मासे-मटण चालत नाही, तेव्हा ऋजुताला सवय करावी लागेल. तुम्ही एकदा लेकीकडे बघितलंत आणि म्हणालात, "हरकत नाही." तुम्ही गेल्यावर मी आमच्या ह्यांना म्हटलं, बाई समजूतदार आहेत.

पण मी काही बहिरी नव्हते. माझे कान पगारी होते. तुमच्या "हरकत नाही"चे प्रकार मला महिन्याभरात पाठ झाले. एक खरंखुरं, शेवटी वर जाणारं. एक घाईतलं, दुसरं काहीतरी करता करता म्हटलेलं. आणि एक खाली उतरणारं, ज्याचा अर्थ असायचा की मला हे अजिबात पटलेलं नाही, पण मी मुलीची आई आहे आणि तुमच्या घरात बसले आहे. हे तिसरं मी अठरा वर्षं ओळखलं आणि अठरा वर्षं त्याचा फायदा घेतला. शॉर्टहँडमध्ये आवाजाच्या चढउताराला खूण नसते, हे मला सोयीचंच होतं.

आमच्या इमारतीत पाइपचा गॅस आला तेव्हा तुम्ही आमच्याकडेच होतात. माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तुम्ही न बोलावता एस.टी.त बसून आला होतात. सहा आठवडे माझ्या पायाला शेक दिलात, मला न्हाणीघरात धरून नेलंत, आणि माझ्या कुरकुरीला एकदाही उत्तर दिलं नाहीत. सख्ख्या बहिणीने केलं नसतं इतकं केलंत. ते मी तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नाही, आज म्हणते. तर तेव्हा माणसं आली, भिंतीला भोक पाडलं, पिवळी नळी आत घेतली आणि शेगडी लावून दिली. तुम्ही बटण फिरवून बघितलंत. "हा येतो कुठून हो?" तुम्ही विचारलंत. "नळीतून," मी म्हटलं. तुम्ही खूप हसलात.

पुढे दोन-अडीच वर्षांत तुमच्या गावाला नोटीस लागली. परदेशातून गार करून पातळ केलेला गॅस जहाजाने आणायचा, किनाऱ्यावर मोठ्या टाक्यांत साठवायचा, पुन्हा त्याचा वायू करायचा आणि पाइपातून गावोगाव, शहरोशहरी पाठवायचा. त्यासाठी तुमची खाडीच्या तोंडाची जागा पसंत पडली होती. तुम्ही फोनवर म्हणालात, "विहीणबाई, आता कळलं हो, नळीत कुठून येतो ते."

त्या उन्हाळ्यात तुम्ही आलात तेव्हा आपण गवार निवडत बसलो होतो आणि मी तुम्हाला देश समजावून सांगत होते. मला चांगलं आठवतं मी काय काय बोलले. सगळ्यांनीच असं म्हटलं तर कारखाने चालायचे कसे, बसेस चालायच्या कशा, धुराच्या चुलीपुढे डोळे फोडून घेतलेल्या बायकांना गॅस द्यायचा कुठून. अजूनही मला हे चूक वाटत नाही, आणि तुम्हालाही वाटलं नव्हतं.

"गॅस नको कोण म्हणतंय?" तुम्ही म्हणालात. "पण मेलं आमच्याच खडपावर कशाला?"

"खडप म्हणजे?"

"ओहोटीला उघडा पडतो तो खडकाळ किनारा."

"मग खडकच ना? खडकाचं काय जातंय?"

तुम्ही म्हणालात, "तुमचंही बरोबर आहे." हे "हरकत नाही"चंच धाकटं भावंड. मी गवारीच्या शिरा काढत राहिले. त्याच वेळी तुम्ही मला चार शब्द सुनावायला हवे होतेत. मी खवळले असते, तुम्ही खवळला असतात, संध्याकाळी ऋजुताने दोघींना चहा दिला असता आणि पुढचं सगळं कदाचित वेगळं झालं असतं. पण तुम्ही शेंगा चिरायला घेतल्यात.

विरोध करणाऱ्यांनीही तुम्हाला कमी छळलं नाही. कोथरूडमधल्या एका सभागृहात तुमचा किनारा वाचवायची सभा होती, आपण दोघी गेलो होतो. पडद्यावर सूर्यास्त, माडाच्या रांगा, फेस. बोलणारा प्रत्येक जण सुंदर, रम्य, स्वर्गीय म्हणत होता. गंमत म्हणजे कंपनीच्या रंगीत पुस्तिकेतही तोच सूर्यास्त होता, टाक्या तेवढ्या एका कोपऱ्यात झाडांमागे काढलेल्या. बाहेर पडल्यावर आपण बसथांब्यावर उभ्या होतो. तुम्ही म्हणालात, "सगळे सुंदर सुंदर करतायत. आम्ही तिथं काय फोटो काढायला राहतो?" एवढा एक टोमणा मी तुमच्या तोंडून ऐकला, तोही बसथांब्यावर, जिथं त्याचा काही उपयोग नव्हता.

आणि मग ते काम माझ्याकडे आलं. प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल पुण्यातल्या एका सल्लागार कंपनीने केला होता. जनसुनावणीत लोक काय बोलतात ते टिपून घेऊन इतिवृत्ताचा मसुदा करायला त्यांना मराठी स्टेनो हवी होती. मराठी शॉर्टहँड येणारी माणसं आता औषधालाही सापडत नाहीत, त्यामुळे कोणीतरी माझं नाव सांगितलं. गाव तुमचं आहे हे कळल्यावर मी नाही म्हणायला हवं होतं. निदान तिथल्या साहेबांना सांगायला हवं होतं की या गावात माझी विहीण राहते. मी सांगितलं नाही. निवृत्तीनंतर दहा वर्षांनी कोणाला तरी माझी पेन्सिल हवी होती, आणि तुम्ही फोनवर म्हणालात, "या ना, त्या निमित्ताने तरी घरी याल. आजवर आलाच नाहीत." हेही खरं होतं.

शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. पुढे टेबलामागे अधिकारी, बाजूला कंपनीचे लोक, आणि टेबलाच्या कडेला मी. समोर सगळं गाव. सकाळपासून लोक बोलत होते. काही ओरडत होते, काही नोकऱ्यांचं विचारत होते, एका तरुणाने अहवालाच्या प्रती फाडल्या. मी सगळं टिपत होते. दुपार कलली तेव्हा अध्यक्ष अधिकाऱ्यांची चुळबुळ सुरू झाली होती. सतरावं नाव तुमचं पुकारलं.

तुम्ही निळ्या काठाची साडी नेसला होतात आणि हातात घडी केलेला कागद होता. माईकपाशी येऊन तुम्ही आधी अधिकाऱ्यांना नमस्कार केलात, मग मला. मी मान खाली घातली. तुम्ही सुरुवात केलीत, "साहेब, तुमच्या अहवालात गावातल्या होड्या मोजल्या आहेत, पण..."

"बाई," अधिकारी म्हणाले, "वेळ फार कमी आहे. बाकीच्यांनाही बोलायचंय. तुमचं म्हणणं लेखी देता का?"

आणि तुम्ही, इतक्या वर्षांच्या सवयीने, म्हणालात, "हरकत नाही."

"धन्यवाद. पुढचं नाव घ्या."

माईक काढून घेतला गेला. माझ्या शॉर्टहँडमध्ये "हरकत नाही"ला एकच रेघ आहे. कचेरीत हे दोन शब्द दिवसातून पन्नासदा यायचे, म्हणून मीच ती केली होती. ती रेघ तुमच्या नावापुढे ओढून झाली होती. पण तुम्ही जागेवर जाऊन बसला नाहीत. तुम्ही कागदाची आणखी एक घडी केलीत, टेबलाच्या कडेला, माझ्यासमोर येऊन उभ्या राहिलात आणि माईकशिवायच बोलायला लागलात. मागे गलका होता, अठरावा माणूस घसा खाकरत होता, अधिकारी शेजारच्याशी बोलत होते. तुमच्या-माझ्यात हातभर अंतर होतं. मी पेन्सिल खाली ठेवली आणि ती पुन्हा उचलली नाही. तुम्ही काय बोललात ते मी अक्षरन् अक्षर ऐकलं. ते पुढे सांगते, आधी बाकीचं सांगू दे, नाहीतर मला ते सांगायचा धीर होणार नाही.

सुनावणीच्या शेवटी इतिवृत्ताचा मसुदा गावासमोर मोठ्याने वाचून दाखवतात. कोणाला आपलं म्हणणं चुकीचं उतरलं असं वाटलं, तर तिथल्या तिथे सांगता येतं. कंपनीच्या माणसाने मला सांगितलं होतं, "मॅडम, प्रत्येकाची एकच ओळ करा." तुमचं होड्यांचं वाक्य "पण"पाशी तुटलेलं. अपुरं वाक्य सारांशात कसं घेणार, असं मी स्वतःला बजावलं आणि लिहिलं: सतरा, तुमचं नाव, माजी अंगणवाडी सेविका, हरकत नाही. वाचताना मी मांडवात तुम्हाला शोधलं. तुम्ही नव्हतात. तुम्ही तासाभरापूर्वीच घरी गेला होतात, कारण विहीणबाई पहिल्यांदा जेवायला येणार होत्या आणि तुम्हाला स्वयंपाक करायचा होता. मांडवात उरलेल्या चार लोकांपैकी कोणी काही बोललं नाही. सह्या झाल्या.

तुमच्याकडे जेवायला ओल्या काजूची उसळ होती, घावन होते, सोलकढी होती. भांडी सगळी कोरी होती. तुम्ही म्हणालात, "संकोच करू नका, या भांड्यांना मासा शिवलेला नाही. तुमच्यासाठीच आणली." मी पोटभर जेवले. दोनदा उसळ घेतली. सुनावणीबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत आणि मी काही सांगितलं नाही. निघताना तुम्ही कोकमाची बाटली दिलीत आणि मी ती घेतली. त्या जेवणाचा घास आठवला की अजून माझा संताप होतो, माझ्यावर आणि तुमच्यावरही. अहो, गावाचा न्याय चालला होता तिथे आणि तुम्ही माझ्यासाठी काजू सोलत बसलात.

दोन महिन्यांनी कंपनीचं पत्रक गावात फिरलं. त्यात एक ओळ होती, की स्थानिक महिलांच्या प्रतिनिधींनीही हरकत नसल्याचे नमूद केले आहे. प्रतिनिधी म्हणजे तुम्ही. ज्या बायकांची पोरं तुम्ही मांडीवर घेऊन वाढवलीत, त्या तुमच्या अंगणातून जायच्या बंद झाल्या. विहीण कंपनीच्या टेबलाशी बसली होती, हे सगळ्या गावाने बघितलं होतं. मग हिने स्वतःला विकलं असं कोणी म्हटलं, तर त्यात कोणाची चूक? तुम्ही लेखी हरकत पाठवलीत. उत्तर आलं, की जनसुनावणीत आपण हरकत नसल्याचे सांगितले असून मुदतही संपली आहे. असं उत्तर कसं लिहितात हे मला माहीत आहे. मीही अशी शेकडो टाइप केली आहेत.

मग तुमचा फोन आला.

"विहीणबाई, माझ्या नावापुढे ते असं कसं आलं हो?"

"तुम्ही तसं म्हणालात."

"म्हणाले. पण ते लेखी द्यायला हरकत नाही, असं म्हणाले."

"मी शब्द लिहिते. त्यामागचं मनातलं लिहायची मला मुभा नसते."

"बरं," म्हणालात, "ऋजुताला सर्दी झालीय म्हणे?"

आणि आपण सर्दीवर बोललो. सुंठ, ज्येष्ठमध, वाफारा. एखादी दुसरी बाई असती तर तिने मला शिव्या घातल्या असत्या, आणि मग मला निदान उलट बोलता आलं असतं. तुम्ही मला उलट बोलायचीही सोय ठेवली नाहीत.

गावातल्या काही जणांनी हरित लवादात दावा लावला. ऋजुताने त्यासाठी सुनावणीचं व्हिडिओ चित्रण मिळवलं. एका रविवारी तिने ते मला टीव्हीवर लावून दाखवलं. कॅमेरा टेबलाच्या मागे होता आणि आवाज फक्त माईकमधून घेतलेला. तुम्ही "हरकत नाही" म्हणता ते स्पष्ट ऐकू येतं. त्यानंतर तुम्ही कडेला येता, तुमचे ओठ हलतात, बराच वेळ हलतात, आणि आवाज अठराव्या माणसाचा येतो. माझी पाठ दिसते. पेन्सिल खाली ठेवलेला हातसुद्धा दिसतो.

"माई, आई काय बोलतेय इथे?" ऋजुताने विचारलं.

"मला नाही ऐकू आलं," मी म्हटलं.

"तुम्ही तर समोरच आहात."

"गलका किती होता. आणि वय झालं माझं."

ती म्हणाली, तुम्हाला काही आठवलं तर प्रतिज्ञापत्र करता येईल, इतिवृत्त अपुरं आहे असं त्यात तुम्ही म्हटलंत तर आमच्या वकिलांना मोठा आधार होईल. मी म्हटलं, बघते. गेली दोन वर्षं मी बघते आहे. कधी मोतीबिंदू, कधी दिवाळी, कधी वकीलच गावाला गेलेले. गेल्या चार महिन्यांत तुम्ही हृदयाच्या दुखण्याने आमच्याच घरी होतात, पलीकडच्या खोलीत, आणि तरी मी बघतच होते.

आता ते सांगते. माईक गेल्यावर तुम्ही मला जे सांगितलंत ते असं. मी तुमच्याच शब्दांत लिहिते आहे.

"होड्या मोजल्या, पण बायकांकडे होडी कुठं असते? आम्ही ओहोटीला खडपावर जातो. कोयती आणि डबा घेऊन. खडकाला चिकटलेली कालवं फोडतो, शिंपल्यातल्या तिसऱ्या काढतो आणि बाजारात नेऊन विकतो. ह्याची कुठं नोंद नाही, परवाना नाही, म्हणून तुमच्या अहवालात आम्ही नाही. गावातल्या नवरा गेलेल्या बाया ह्याच्यावरच जगल्या आहेत. माझे हे गेले तेव्हा ऋजुता पाच वर्षांची होती. अंगणवाडीच्या मानधनात काय होतं? दुपारी अंगणवाडी सुटली की मी खडपावर जायची. पंधरा वर्षं गेले. तुमच्या सुनेचं पुण्यातलं कॉलेज कालवांवर झालंय, विहीणबाई. तुम्हाला आम्ही सांगितलं ह्यांच्या पेन्शनवर झालं. मासे चालत नाहीत म्हणालात, म्हणून नाही सांगितलं. पण आता सांगते, कारण हे कोणीतरी लिहायला पाहिजे. हे तुम्ही लिहा."

तुम्ही "लिहा" म्हणालात. विनंती नव्हती, आणि आवाज खाली उतरला नव्हता. अठरा वर्षांत तुम्ही माझ्याकडे मागितलेली ती एकमेव गोष्ट.

आणि मी पेन्सिल का ठेवली? गलका होता म्हणून नाही. सारांशाचा नियम होता म्हणूनही नाही. शेजारी कंपनीचे साहेब बसले होते, त्यांच्या कानावर गेलं तर काय, हे माझ्या डोक्यात आलं. कोथरूडच्या बाईची विहीण बाजारात बसून कालवं विकायची. मला लाज वाटली. जात न मानणारी, सुधारलेली मी, मला तुमच्या पंधरा वर्षांच्या कष्टांची लाज वाटली. तुम्ही स्वतःची लाज बाजूला ठेवून भरल्या मांडवात मला ते सांगितलंत आणि मी ती तुमच्याकडून घेऊन स्वतःजवळ ठेवली.

गेल्या महिन्यात, तब्येत जरा बरी असताना, तुम्ही माझी जुनी वही चाळत होतात. "माझं नाव कसं लिहितात ह्यात?" विचारलंत. मी लिहून दाखवलं. मग तुम्ही विचारलंत, "आणि कालवं?" मी म्हटलं, हा शब्द कधी लागला नाही मला. "तरी काढा ना," तुम्ही म्हणालात. मी काढला. एक लहानशी वळणदार रेघ आणि खाली टिंब. तुम्ही वही डोळ्यांजवळ नेऊन बघितलीत. "एवढंसंच?" म्हणालात आणि वही मिटून ठेवलीत. मला वाटलं, सुटले. पुढच्या आठवड्यात तुम्हाला अतिदक्षता विभागात नेलं, आणि तिथून तुम्ही परत आला नाहीत.

काल दुपारी मी ऋजुताला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. मध्येच थांबले तर पुन्हा बोलणं जमणार नाही, म्हणून न थांबता सांगितलं. ती रडली नाही. ओढणीच्या टोकाशी चाळा करत ऐकत राहिली. मग म्हणाली, "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"आई काय बोलली ते. आणि तुम्ही ऐकलंत तेही. त्याच रात्री फोनवर सांगितलं होतं तिने."

"मग दोन वर्षं मला विचारत का राहिलीस? सरळ म्हणायचंस, तुम्ही खोटं बोलताय."

"आई म्हणू द्यायची नाही. म्हणायची, त्यांना लाज वाटली असेल, वाटू दे. बाई प्रामाणिक आहेत, आज ना उद्या स्वतःहून लिहितील. थांब जरा."

थांब जरा. अहो, किती थांबायचं? गावाने तुम्हाला वाळीत टाकल्यासारखं केलं, तुमच्या अंगणात कोणी पाऊल ठेवेना, हृदयाने दगा दिला, आणि तुम्ही पलीकडच्या खोलीत पडून माझा प्रामाणिकपणा उगवायची वाट बघत होतात? एका भिंतीपलीकडे मी होते. हाक मारायचीत. मला धरून हलवायचंत. मी त्याच दिवशी लिहून दिलं असतं असं आता वाटतं, पण तेही खरं नसेल. तुम्ही मला माझ्या लायकीपेक्षा मोठं समजलात. हा राग मी आता कुठे नेऊन ठेवू, ते सांगा.

आज सकाळी आम्ही वकिलांकडे गेलो होतो. त्यांनी मी लिहिलेलं वाचलं आणि चष्मा काढून पुसला. म्हणाले, "हे चांगलं आहे, पण बाई स्वतः हयात असत्या तर त्यांचं आणि तुमचं, दोन्ही प्रतिज्ञापत्रं जोडता आली असती. त्या गेल्या आणि तुम्ही त्यांच्या नातेवाईक, आता याला किती वजन मिळेल सांगता येत नाही. महिनाभर आधी आला असतात तर बरं झालं असतं." ऋजुता खिडकीबाहेर बघत होती. त्यांनी मसुद्यात माझं नाव, वय, पत्ता घातला आणि विचारलं, सुनावणीत सारांश तुम्हीच केलात, हे नमूद करायचं का? लोक तुमच्यावर बोट दाखवतील. मी म्हटलं, करा. पेन्सिल मीच खाली ठेवली हेही करा, आणि का ठेवली तेही करा.

ते म्हणाले, "का ठेवली, ते लवादाला लागत नाही."

"लागत नसेल," मी म्हटलं. "पण माझ्या विहीणबाईंना लागत होतं. लिहा."